खिडकी केव्हा उघडावी आणि केव्हा लावावी



खिडकीसारख्या किरकोळ वस्तूवर वसंत व्याख्यानमालेत तासभर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेला आरंभ केला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय गाजले. त्यातून मी पडलो कामगार संघटनेचा माणूस. माझ्याकडून बोनस, महागाई भत्ता, नाही तर कंत्राटी पद्धत यांवर चार शब्द ऐकावयास मिळतील, अशीच आपली अपेक्षा असणार. मग हा खिडकीचा विषय कोठून निघाला, ते आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या रंगाई खात्यात हवा खेळत नाही, म्हणून आम्ही भांडत होतो. वाफ कोंडलेली, डोळे चुरचुरताहेत, माणसे दर अर्ध्या तासाने दाराशी येऊन श्वास घेताहेत, अशी तेथली अवस्था होती. दोन वर्षे अर्ज केले, बैठका घेतल्या, सरकारी कचेरीच्या खेपा घातल्या. शेवटी त्या खात्याच्या भिंतीत दोन मोठे पंखे बसले. त्या संध्याकाळी पेढे घेऊन मी घरी आलो, तो आईला दम्याची उबळ आलेली. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी उंबऱ्यातच उभे राहून विचारले, “या खोलीला खिडकी कोठे आहे?” खिडकी होती, पण कपाटाच्या मागे! अकरा वर्षे ती तेथेच होती. दुसऱ्याच्या खात्यातल्या हवेसाठी दोन वर्षे भांडणाऱ्या पुढाऱ्याने स्वतःच्या आईची हवा अकरा वर्षे कपाटामागे बंद करून ठेवली होती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी डॉक्टर नव्हे, इंजिनियरही नव्हे. वाचून, जाणत्यांना विचारून आणि घरोघरी पाहून जे समजले, तेवढेच आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम बंद खोलीत होते काय, ते पाहू. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो आणि तेवढीच बाहेर टाकतो. बाहेर टाकलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड हा वायू शेकडा चारच्या आसपास असतो. मोकळ्या हवेत तोच वायू दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. आता आपल्याकडची एक नेहमीची खोली घ्या. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, नऊ फूट उंच. तिच्यात १०८० घनफूट, म्हणजे सुमारे तीस हजार सहाशे लिटर हवा मावते. नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन मुले अशी पाच माणसे तेथे झोपली, तर ती सगळी मिळून तासाला पन्नास लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. दार-खिडकी लावून फटीही बुजविल्या, तर पहिल्या तासातच दहा लाख भागांतला सव्वाचारशेचा आकडा दोन हजारांवर जातो. प्रत्यक्षात दाराखालून, कौलांतून थोडी हवा येतच राहते, म्हणून तो आकडा चढत चढत आभाळाला टेकत नाही. तरी सकाळी उठताच डोके जड होते, अंग आंबते, मुलांना अभ्यासाला बसवत नाही, त्यात या कोंडलेल्या हवेचा वाटा असू शकतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. एवढ्या प्रमाणातला कार्बन डायऑक्साइड हे काही विष नव्हे. पण त्याचे वाढलेले प्रमाण एक खूण दाखविते. आपण जी हवा घेत आहो ती किती वेळा दुसऱ्याच्या छातीतून जाऊन आली आहे, हे ती खूण सांगते. म्यूनिकचे माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली हीच खूण धरली आणि राहत्या खोलीत हजारी एक भागाच्या वर हा वायू जाऊ देऊ नये, असे सुचविले. म्हणजे दहा लाखांत हजार. आमच्या उदाहरणातली खोली ही मर्यादा अर्ध्या तासाच्या आत ओलांडते.

शिवाय खोलीत आपण एकटा श्वासच सोडीत नाही. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, विडी आणि डासांसाठी लावलेली अगरबत्ती या सगळ्यांची भर पडते. या डासांच्या अगरबत्तीविषयी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चीन आणि मलेशियातल्या अगरबत्त्या जाळून त्यात मोजमाप केले होते. एक अगरबत्ती जळून संपेपर्यंत हवेत जितके सूक्ष्म कण सोडते, तितके कण सोडावयास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असा हिशेब निघाला. घरात विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला आपण ओट्यावर पाठवितो आणि तान्ह्या मुलाच्या उशाशी ही अगरबत्ती लावून खिडकी बंद करतो! हे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात; आपल्या डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

माणसाला किती हवा लागते, याचा विचार आपल्या देशाच्या कायद्याने केलेला आहे. पण तो घरासाठी नव्हे, कारखान्यासाठी. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टातले तेरावे कलम हवा खेळती ठेवण्याविषयी होते आणि सोळावे गर्दीविषयी. नव्या कारखान्यात दर कामगारामागे ५०० घनफूट जागा असावी आणि चौदा फुटांवरची उंची त्यात धरू नये, असे त्या सोळाव्या कलमात सांगितले होते. पुढे मेट्रिक मापात हा आकडा १४.२ घनमीटर झाला. आता आमच्या १०८० घनफुटांच्या खोलीला पाचांनी भागा. माणशी २१६ घनफूट येतात. यंत्रापाशी आठ तास उभा राहणाऱ्या माणसाला कायद्याने जेवढी हवा देऊ केली, तिच्या निम्मीही तो घरी बायकामुलांना देऊ शकत नाही. त्याची पाळी आठ तासांची असते, पण त्याच्या बायकोची पाळी चोवीस तासांची. घरातल्या हवेचा इन्स्पेक्टर कोणी नसतो.

हा विचार मुंबईत पूर्वीच झाला होता. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर अंधाऱ्या, कोंदट चाळींवर सरकारची नजर गेली. कौले काढून, छपराला भोके पाडून उजेड आत सोडण्यात आला. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम पुढे आणला. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली, तर समोरच्या इमारतीने ती अडवता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फूट उंचीला वीस फूट जागा. हा नियम मनात धरून आपल्या गावातल्या नव्या इमारतींमधून एक चक्कर मारा, म्हणजे आपण पुढे गेलो की मागे, हे आपले आपल्याला कळेल.

आता प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, प्लेग हवेने पसरतो ही त्या वेळची समजूत बरीचशी चुकीची होती. तो उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता. पण कारण चुकले तरी उपाय अगदीच वाया गेला नाही. चाळींत घर करून बसलेला दुसरा शत्रू, क्षय, हा खरोखरच हवेतून पसरतो. क्षयाचा रोगी खोकतो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब उडतात आणि त्यांतले जंतू कोंडलेल्या खोलीत तासन् तास तरंगत राहतात. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या इस्पितळांत केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती. यांत्रिक योजना असलेल्या खास खोल्यांत ती १२ वेळा बदलत होती. आणि उंच छताची, मोठ्या खिडक्यांची जुनी इस्पितळे नव्या इमारतींहून सरस ठरली. पैशाने आणलेल्या यंत्राला फुकटच्या खिडकीने हरविले! मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले होते की, औषध नियमित घेतले तर क्षयाचा रोगी घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो. तेव्हा औषध हेच मुख्य, हे कोणी विसरू नये. खिडकी उपयोगी पडते ती विशेषतः रोग ओळखला जाण्यापूर्वीच्या दिवसांत, घरातल्या इतरांसाठी. करोनाच्या साथीत हाच धडा आपण पुन्हा गिरविला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कचेरीने घरे हवेशीर ठेवण्याचे पत्रक काढले, तोवर आपण भाज्या साबणाने धुण्यातच गुंतलो होतो.

हवा खोलीत येते कशी, हे आता समजून घेऊ. मुख्य गोष्ट अशी की, हवेला येण्यासाठी एक वाट लागते आणि जाण्यासाठी दुसरी. बाटली पाण्यात उलटी बुडविली तर पाणी आत शिरत नाही, कारण आतल्या हवेला बाहेर पडावयास वाट नसते. एकच खिडकी सताड उघडून समोरचे दार बंद ठेवले, तर खोलीची अवस्था जवळजवळ तशीच होते. समोरासमोर दोन वाटा उघडल्या की वारा आरपार जातो. समोरची वाट नसेल तर एक खाली आणि एक वर असावी, कारण गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि छताजवळच्या झरोक्यातून निघून जाते. आपल्या जुन्या कोकणी घरांतली कौलांची फट, वाड्यातला चौक, भिंतीत उंचावर ठेवलेला झरोका ही काही केवळ हौस नव्हती.

हवा बदलावयास वेळ किती लागतो? उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगविण्याच्या कामावर ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे चटकन कळेल. रंग लागलेले कापड एका पाण्यातून काढले तर रंग सगळा जात नाही. दुसरे पाणी लागते, तिसरे लागते. हवेचेही तसेच आहे. खोलीभर नवी हवा आत आली, तरी जुनी सगळी निघून जात नाही. दोन्ही मिसळतात आणि सुमारे तिसरा हिस्सा जुनी उरते. दुसऱ्यांदा खोलीभर आली की सातवा हिस्सा उरते, तिसऱ्यांदा आली की विसावा. समोरासमोर दोन-दोन फुटांच्या खिडक्या असतील आणि अगदी मंद झुळूक असेल, तर आमच्या खोलीइतकी हवा साधारण सात मिनिटांत येते. म्हणजे वीस मिनिटांत तीन पाणी होतात. दिवसातून तीन-चार वेळा वीस मिनिटे दोन्ही बाजू उघडणे, हे दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा पुष्कळदा अधिक गुणकारी ठरते.

येथे यंत्रांविषयीही बोलले पाहिजे. छताचा पंखा हवा फिरवितो, बदलीत नाही. आहे तीच हवा तो पुन्हा पुन्हा आपल्या तोंडावर मारतो. घरोघरी भिंतीवर बसविलेले वातानुकूल यंत्रही बहुतेक करून खोलीतलीच हवा आत ओढते, थंड करते आणि परत सोडते. बाहेरची पेटी पाहून लोकांस वाटते की, ते बाहेरची ताजी हवा आणीत असावे, तसे नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा मात्र खरे काम करतो, पण त्याला हवा यावयाची वाट दुसऱ्या बाजूने मोकळी ठेवली तरच. आणि धूर बाहेर न नेता जाळीतून गाळून घरातच सोडणारी चिमणी तेल अडवील. वायू अडवीलच, याचा भरवसा धरू नये.

आता आपल्या तीन गावांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला, बराकी उठल्या. फाळणीनंतर तेथे सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हातून त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सैनिकांच्या बराकींत हवा किती असावी, याची चर्चा फार जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी हिंदुस्थानातल्या लष्करी आरोग्यात लक्ष घातले होते आणि १८६३ साली त्यावर मोठा अहवालही निघाला होता. लांबट बराक, दोन्ही अंगांना खिडक्या, ही रचना हवेच्या दृष्टीने मुळात वाईट नव्हे. पण त्या बराकीत घरटी संसार मांडावे लागले. आधी पडदे आले, मग भिंती आल्या. जेथे लांबीच्या दिशेने मधोमध भिंत उभी राहिली, तेथे प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एकाच बाजूची खिडकी उरली आणि आरपार वारा संपला. दोष त्या माणसांचा नव्हता. डोक्यावर छप्पर मिळणे हाच तेव्हा मोठा प्रश्न होता.

अंबरनाथच्या चाळींत आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत गोष्ट वेगळी आहे, पण परिणाम तोच. चाळीत दार उघडे असते, तर मागे दुसरी चाळ पाठीला पाठ लावून उभी. नव्या सदनिकेत बाल्कनी खोलीत घेतली, तिला सरकत्या काचा लावल्या. सरकत्या काचेची खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. न्हाणीघराची खिडकी उघडते ती एका अरुंद बोळकांडीत, आणि तेथे पाच मजल्यांचा वास एकत्र भेटतो.

एकदा आमच्या एका सभासदाच्या घरी गेलो होतो. हा विषय काढला, तर त्याची बायको म्हणाली, “भाऊ, उघडली तर डास, लावली तर घाम. यातला कोणता मालक बरा, ते तुम्हीच सांगा!” तिचे म्हणणे खोटे नव्हते. लोक हौसेने खिडक्या बंद ठेवीत नाहीत. डास, चोर, पाऊस, शेजाऱ्यांची नजर आणि बाहेरचा वास ही पाच कारणे असतात. पहिल्या चारांना उत्तर आहे: डासांना जाळी, चोराला गज, पावसाला छज्जा आणि नजरेला अर्धा पडदा, तो खालच्या निम्म्या भागाला. डास अडविणारी बारीक जाळी वारा थोडा कमी करते, हे खरे. पण महिन्याला ती धुतली नाही, तर तेल आणि धूळ बसून तिची भिंतच होते. जाळीचा खर्च एकदाचा, अगरबत्तीचा खर्च रोजचा. मच्छरदाणी तर आपल्या आजीच्या वेळेपासून आहे.

पावसाळ्याचेही सांगतो. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या घरात उल्हास नदीचे पाणी शिरले, त्यांना ओल आणि बुरशी म्हणजे काय ते सांगावयास नको. बाहेरची हवा दमट असली तरी स्वयंपाकाची, अंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ घरात साठू देऊ नये. पाऊस थांबला की थोडा वेळ आरपार उघडावे. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. भिंतीवरची काळी बुरशी दम्याच्या माणसाला त्रास देते. तिच्यावर नुसता रंग मारून ती मरत नाही. ओल तुटली पाहिजे.

आता पाचवे कारण, बाहेरचा वास. हे खरे कठीण आहे. खिडकी उघडा, खिडकी उघडा, हा उपदेश स्वच्छ गावात सोपा असतो. २०१९ च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा देशाच्या मानकांत बसत नाही, त्यांच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे होती. आणि आपले मानकही फार कडक आहे असे नाही. सूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम चालेल, असे २००९ चे आपले मानक सांगते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ५ हा आकडा सांगितला. मग खिडकी उघडावी ती केव्हा?

याचे उत्तर घड्याळात आणि वाऱ्यात आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेचे झाकण तिच्यावर पडते. मग शेकोटीचा, कचऱ्याचा, गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकून राहतो. पहाटेचे धुके आपल्याला गोजिरे दिसते, पण त्यात पुष्कळदा हा धूर मिसळलेला असतो. ऊन तापले की झाकण फुटते, आणि दुपारी वारा पश्चिमेकडून सुटतो. म्हणून पहाटे उठून खिडक्या उघडण्याची आपली जुनी सवय हिवाळ्यात आपल्या गावांपुरती बदलावी. दहा-अकरानंतर ते संध्याकाळपर्यंत मोकळेपणाने उघडावे, रहदारीच्या रस्त्याची बाजू सोडून मागची बाजू आधी उघडावी. मात्र स्वयंपाक चालू असताना आणि घरात खोकणारे माणूस असताना घड्याळ पाहू नये. तेव्हा आतली हवा बाहेरच्याहून वाईट असण्याचाच संभव अधिक.

पण काही रात्री अशा येतात की, खिडकी लावलीच पाहिजे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि शेकडो माणसे श्वासाच्या त्रासाने इस्पितळांत गेली. जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला रात्रीच्या वेळी रासायनिक धूर पसरला, लोकांचे डोळे जळजळले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जे घडले ते जगाला ठाऊक आहे. अशा वेळी काय करावे, हे प्रत्येक घरात पाठ असावे. दारे-खिडक्या लावाव्या, एक्झॉस्ट पंखा आणि कूलर बंद करावा, दाराखाली ओले फडके दाबावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या आतल्या खोलीत जावे. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे पुष्कळसे वायू हवेहून जड असतात, म्हणून तळमजल्यापेक्षा वरचा मजला बरा. ११२ क्रमांकावर कळवावे. बाहेर पडावेच लागले, तर नाकातोंडावर ओला कपडा धरून वाऱ्याला आडवे जावे. वाऱ्याबरोबर पळत सुटू नये, कारण वायूही त्याच वाटेने येत असतो. आणि वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. हायड्रोजन सल्फाइड प्रमाणाबाहेर गेला की नाकच बधिर करतो.

यापुढची गोष्ट लोक विसरतात. बाहेरचा ढग निघून गेला की सर्व दारे-खिडक्या ताबडतोब उघडाव्या. बंद घरात वायू फटींतून हळूहळू शिरतो, तसाच तो हळूहळू निघतो. म्हणून बाहेरची हवा निवळल्यावर काही काळ आतली हवाच अधिक वाईट असते. ज्या दाराने आपल्याला वाचविले तेच दार मग आपल्याला कोंडते. उलट, घरातल्या सिलिंडरचा गॅस गळत असेल तर क्षणाचाही विलंब न करता उघडावे, रेग्युलेटर बंद करावा आणि विजेच्या बटणाला हात लावू नये. दिवा लावण्यासाठी नाही आणि पंखा लावण्यासाठीही नाही. तो गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीपेक्षा दार महत्त्वाचे. आणि बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हा तर छुपा घातकी आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

श्रोतेहो, आतली हवा आपल्या हातात आहे. बाहेरची एकट्याच्या हातात नाही. कपाट मी एकटा सरकवू शकतो. नाल्यात रात्री टँकर रिकामा होतो, त्याला मी एकटा अडवू शकत नाही. १९७० पासून महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, १९८१ पासून देशात हवेचा कायदा आहे. पण कायदा हाही खिडकीसारखाच असतो. कोणीतरी उठून ती उघडावी लागते. वास आला त्या रात्रीची वेळ, वाऱ्याची दिशा, कोणाला काय त्रास झाला, हे वहीत लिहून ठेवावे. दहा घरांच्या दहा वह्या घेऊन गेले, तर कचेरीतल्या माणसाला ‘तक्रार मोघम आहे’ असे म्हणता येत नाही. रंगाई खात्यातले ते दोन पंखे आम्हांला मिळाले ते भाषणांनी नव्हे; एका कामगाराने वर्षभर रोजच्या रोज ठेवलेल्या अशाच वहीने मिळाले.

त्या रात्री डॉक्टर गेल्यावर आम्ही कपाट ओढून बाजूला केले. खिडकीचे कडी-कोयंडे गंजले होते. हातोडीने ठोकून ती उघडावी लागली. आईचा दमा काही त्याने बरा झाला नाही. तसा दावा मी करणार नाही. पण पुढची सहा वर्षे तिची खाट त्या खिडकीपाशी होती, आणि उबळ आली की ती स्वतःच हात लांब करून झडप लोटीत असे. तेवढे तिच्या हातात होते. आज घरी गेल्यावर आपणही एकदा आपले कपाट कोठे उभे आहे ते पाहावे, एवढीच माझी विनंती.